स्केटिंगच्या वाटेलगत ज्युनिपरची अरुंद पट्टी: नेरुळमध्ये काय टिकेल आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेरुळमधल्या एका सोसायटीला कंपाउंड भिंतीलगतचे जुने पेव्हर ब्लॉक काढून साधारण ६० मीटर लांब आणि पावणेतीन मीटर रुंद अशी गुळगुळीत वाट करायची आहे. मुलं तिथे स्केटबोर्ड आणि इनलाइन स्केट्स चालवतील, सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठ मंडळी फिरतील. वाट आणि भिंत यांच्यामध्ये ४५० मिलिमीटरची पट्टी उरते. आर्किटेक्टने दाखवलेल्या युरोपातल्या चौकांच्या फोटोंत ज्युनिपर, म्हणजे बारीक पानांचं सदाहरित झुडूप, आहे आणि समितीला तो फार आवडला आहे. कुठल्या जातीचा ज्युनिपर घ्यावा, कडा कशी ठेवावी, पावसाळ्यात काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी स्पष्ट उत्तर देतो. वाटेच्या पातळीवरच असलेल्या ४५० मिलिमीटरच्या पट्टीत पसरणारा ज्युनिपर नेरुळमध्ये लावू नका. पैसे तर जातीलच, शिवाय दोन पावसाळ्यांनंतर वाळलेली झुडपं बघून कुणीतरी ती पट्टी काँक्रीटने बुजवायचा ठराव सभेत आणेल. नवी मुंबईत अशा बुजवलेल्या पट्ट्या जागोजागी दिसतात आणि दर वेळी मला वाईट वाटतं, कारण तिथे पट्टीची कल्पना बरोबर होती, झाड चुकलं होतं. पट्टी ठेवाच. वाट स्वच्छ ठेवणं, निसटलेला बोर्ड अडवणं आणि उन्हाने तापलेल्या भिंतीची झळ कमी करणं ही तिची कामं आहेत. त्यातली पहिली दोन उतारावर आणि कडेवर ठरतात, म्हणून झाड त्या दोन्हींना साजेसं निवडायचं असतं. तुमच्याकडे ते उलट्या क्रमाने चाललंय.

ज्युनिपर हा थंड, कोरड्या आणि पाणी झिरपून जाणाऱ्या जमिनीचा गडी. आपल्या देशात तो हिमालयात उंचावर वाढतो. लडाखमध्ये हेमिस शुक्पाचन या गावाजवळ त्याची पवित्र मानलेली जुनी राई आहे, आणि लडाखी घरांत त्याच्या फांद्या धुपासारख्या जाळतात. लेहला वर्षभरात १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच साधारण अडीच हजार मिलिमीटर कोसळतो. बागेसाठी विकल्या जाणाऱ्या जातींपैकी जमिनीलगत पसरणारा ‘हॉरिझाँटॅलिस’ उत्तर अमेरिकेच्या थंड भागातला. चीन-जपानकडचा ‘चायनेन्सिस’ उष्णता त्यातल्या त्यात बरी सोसतो, आणि आपल्या नर्सऱ्यांत नुसता ‘ज्युनिपर’ म्हणून मिळतो तो बहुतेक हाच. ‘कॉन्फर्टा’ हा जपानच्या किनाऱ्यावरचा, खारा वारा सोसणारा, पण तोही वाळूत वाढणारा. चिखलात पाय रोवून उभा राहील असा ज्युनिपर मला तरी माहीत नाही.

अंगावर पाऊस पडल्याने तो मरत नाही, मुळाशी पाणी साचल्याने मरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, आणि फायटॉप्थोरासारख्या रोगजंतूंना नेमकं तेच हवं असतं. फसवं असं की या कुळातली झाडं मेल्यावरही काही आठवडे हिरवी दिसतात. ऑगस्टमध्ये पानांची चमक जाते, रंग राखाडीकडे झुकतो, आणि माळी म्हणतो, ‘थोडं खत टाकू.’ तेव्हा एक रोप उपटून बघा. मुळाची साल चिमटीत निसटून येते आणि आत नुसता दोरा उरतो. तिथे खताचा काही उपयोग नाही.

नेरुळची जमीन यात भर घालते. १९७० साली स्थापन झालेल्या सिडको या सरकारी नियोजन संस्थेने हे शहर वसवलं ते बऱ्याच अंशी खाडीलगतच्या खाजणांवर, मिठागरांवर आणि भातशेतीवर भराव घालून. म्हणून तर खालच्या भागांत भरतीच्या वेळी पावसाचं पाणी सामावून घेणारे धारण तलाव ठेवावे लागले. वर मुरूम आणि डेब्रिज, खाली खाडीचा चिकट गाळ, अशा ठिकाणी पाणी खाली जायला वाटच नसते. पट्टीच्या जागी एक फूट खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते मुरू द्या, मग पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. २५ मिलिमीटरपेक्षा कमी उतरली तर तिथे निचरा नाही असंच धरून चाला. खाडीजवळच्या सेक्टरांत हा प्रयोग उधाणाच्या भरतीच्या दिवशी पुन्हा करा, कारण अशा दिवशी भूजलही वर आलेलं असू शकतं.

दुसरी अडचण रुंदीची. हॉरिझाँटॅलिस जगला तर दीड ते अडीच मीटर पसरतो. ४५० मिलिमीटरमध्ये तो काही वर्षांत वाटेवर येणार, मग माळी कडेच्या रेषेत सरळ कात्री चालवणार. कोयनेल किंवा मेंदीच्या कुंपणाला ते चालतं, छाटलेल्या काडीवर पुन्हा पालवी येते. ज्युनिपरच्या जुन्या, पानं नसलेल्या लाकडावर पालवी फुटत नाही. एकदा हिरवा थर कापला की उघडी पडलेली तपकिरी खुंटं कायमची, तीही नेमकी वाटेच्या बाजूला, पोरांच्या पोटऱ्यांच्या उंचीवर. त्यामुळे पसरणाऱ्या ज्युनिपरला सव्वा मीटरच्या आत जागा देऊच नये.

तरीही समितीला ज्युनिपर हवाच असेल तर तो सबंध ६० मीटर नको. दिवसाला किमान सहा तास थेट ऊन मिळतं असा आठ-दहा मीटरचा तुकडा शोधा. तेवढ्याच भागात पट्टी ९०० मिलिमीटर करा (वाट तिथे २.३ मीटर उरते, ती पुरेशी आहे) आणि ४०० मिलिमीटर उंच आरसीसी वाफा बांधा. माती कंपाउंड भिंतीला टेकवू नका. भिंतीत ओल चढते, मातीचा दाब पडतो, आणि ती भिंत त्यासाठी बांधलेली नसते. वाफ्याला मागची स्वतःची भिंत द्या, मध्ये थोडी फट ठेवा आणि फटीच्या तोंडावर पत्र्याची झाकणपट्टी बसवा, नाहीतर तिथे कचरा आणि डास होतील. पुढची-मागची भिंत धरून आत सहाशे-साडेसहाशे मिलिमीटर माती मिळते. त्यात उभा वाढणारा चायनेन्सिस ९०० मिलिमीटर अंतराने एका ओळीत लावा.

वाफ्याच्या तळाशी १०० मिलिमीटर व्यासाचा छिद्रांचा पाईप, भोवती खडी आणि त्यावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. पाईपला दीडशेला एक उतार देऊन तो थेट पावसाळी चेंबरमध्ये सोडा. पुढच्या भिंतीला वेप होल ठेवून पाणी वाटेवर काढणं सोपं वाटतं, पण प्रत्येक भोकाखाली गाळाचा ओघळ येतो, त्यावर शेवाळ धरतं आणि स्केटचं चाक तिथेच घसरतं. मातीत निम्मी लाल माती, पाव भाग जाड धुतलेली रेती किंवा बारीक ग्रिट, आणि उरलेल्यात पूर्ण कुजलेलं शेणखत व थोडा विटांचा चुरा. कोकोपीट जवळपास नकोच, ते पाणी धरून ठेवतं. खाडीची रेती तर चुकूनही नको, तिच्यात मीठ असतं. रोपाची मान, म्हणजे खोड आणि मुळं जुळतात ती जागा, मातीच्या वर बोटभर राहू द्या.

आता उतार. माझ्या मते सगळ्या आराखड्यात सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे आणि बहुतेक नकाशांत तो लिहिलेलाच नसतो. वाटेचं पाणी पट्टीकडे जायचं की पट्टीपासून दूर? हल्ली कडेला मोकळे खाचे ठेवून पावसाचं पाणी झाडांच्या पट्टीत मुरवायची पद्धत आली आहे आणि ती चांगली आहे, पण त्या पट्टीत पाणी सोसणारी झाडं हवीत. ज्युनिपर असेल तिथे उतार पट्टीपासून दूर, विरुद्ध बाजूच्या गटाराकडे. मी तर तुमच्या ठिकाणी सबंध वाटेचा उतार तसाच ठेवीन, कारण शेवाळ काढायला माळी ब्लीचिंग पावडर टाकून वाट धुतील तेव्हा ते पाणीही मुळांशी जाता कामा नये. उतार शंभराला एक ते ऐंशीला एक ठेवा. पन्नासाला एकपेक्षा तीव्र आडवा उतार झाला की बोर्ड आपोआप खाली ओढला जातो आणि व्हीलचेअरलाही त्रास होतो. पट्टीच्या उलट बाजूच्या गटारावर जाळी बसवाल तर तिच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात. दिशेला समांतर असलेल्या फटीत चाक अडकतं. शक्य असेल तर गोल छिद्रांची झाकणं घ्या.

उरलेल्या ५० मीटरला १५० मिलिमीटर उंच, जागेवर ओतलेला सलग कर्ब (काँक्रीटचा काठ) पुरेसा आहे. सुटे कर्ब स्टोन लावले की सांधे वर्षभरात हलतात आणि त्यांतून माती बाहेर येते. कर्बमुळे निसटलेला बोर्ड तिथेच थांबतो, झुडपात घुसत नाही. आतली माती कर्बच्या माथ्यापासून किमान ६० मिलिमीटर खाली ठेवा. कोकणच्या एका दमदार सरीत काठोकाठ भरलेल्या वाफ्यातली माती वाटेवर यायला दहा मिनिटं पुरतात.

उंच वाफ्याची कडा मात्र वेगळी. ४०० मिलिमीटर उंचीचा सरळ, लांब कट्टा दिसला की स्केटबोर्ड चालवणारी मुलं त्यावर बोर्ड घासणारच. त्यांच्या खेळाचा तो गाभा आहे. बार्सिलोनाच्या समकालीन कला संग्रहालयाची इमारत १९९५ मध्ये झाली आणि तिच्यासमोरच्या चौकात आज जगभरातून स्केटर येतात ते गुळगुळीत फरशीसाठी आणि कट्ट्यांसाठीच. तो चौक त्यांच्यासाठी बांधलेला नव्हता. स्वीडनमधल्या माल्मो शहराने पुढचं पाऊल टाकलं आणि चौक आखतानाच स्केटिंग धरून आखायला सुरुवात केली. टोकियो ऑलिंपिकपासून, म्हणजे २०२१ पासून, हा ऑलिंपिकमधला खेळ आहे. तेव्हा कट्ट्यावर लोखंडी खुंट्या ठोकून मुलांना हाकलण्यापेक्षा एक कडा त्यांच्यासाठी नीट बांधून द्या, अशी माझी समितीला कळकळीची विनंती आहे. ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरचा जीआय अँगल, मागे दर अर्ध्या मीटरवर होल्डफास्ट (काँक्रीटमध्ये रुतणारी लोखंडी पकड) वेल्ड केलेला, काँक्रीट ओतण्याआधीच शटरिंगमध्ये बसवलेला. वेल्डिंगचे सगळे उंचवटे ग्राइंडरने सपाट करून घ्या आणि दोन्ही टोकं काँक्रीटमध्ये गाडा, उघडी धार कुठेही राहू देऊ नका. नुसत्या प्लास्टरची कडा उन्हाळ्याच्या एका सुट्टीत फुटेल, आणि वर चिकटवलेली ग्रॅनाइटची पातळ लादी त्याहून आधी निघेल.

पांढरे गोटे. सोसायट्यांना ते फार आवडतात, आणि या कामात ते सगळ्यांत धोकादायक आहेत. स्केटबोर्डचं चाक जेमतेम ५०-५४ मिलिमीटर व्यासाचं आणि टणक असतं. त्याच्यासमोर हरभऱ्याएवढा खडा आला तर चाक त्यावरून जात नाही, त्याला अडून थांबतं. बोर्ड थांबतो, मूल थांबत नाही. तळहात, मनगट आणि हनुवटी जमिनीवर आदळतात. पट्टीत गोटे, खडी, सालींचे तुकडे, विटांचे तुकडे, काहीही वरून पसरू नका. एखादं लहान मूल किंवा कबूतर ते बाहेर काढणारच. माती झाकायची तर रोपं दाट लावा आणि खाली चाळलेलं पानांचं खत घाला. पाणीही ठिबकने द्या. नळीच्या धारेने माती उडते आणि वाटेवर वाळूचा पातळ थर बसतो, जो डोळ्याला दिसत नाही पण चाकाला जाणवतो. रोज सकाळी एकदा झाडू मारायचं काम कुणाकडे आहे हे लेखी ठरवा.

वाटेबद्दल थोडं. पेव्हर ब्लॉक पुन्हा बसवू नका, प्रत्येक ब्लॉकची कडा तासलेली असल्याने चाक सतत खडखडतं आणि तळमजल्यावरचे रहिवासी त्या आवाजानेच कंटाळतात. ठशांचं स्टॅम्प काँक्रीटही नको. एम-३० काँक्रीट, १२५ मिलिमीटर जाडी, ट्रिमिक्स करून (म्हणजे पंपाने जादा पाणी ओढून घेऊन) स्टीलच्या थापीने गुळगुळीत, पण आरशासारखी चकाकी आणू नका, पहिल्या थेंबाला ती निसरडी होते. ग्रूव्ह कटिंग, म्हणजे सांध्यांच्या खाचा कापणं, दुसऱ्या दिवसाच्या आत झालं पाहिजे, नाहीतर काँक्रीट आपल्या मर्जीने तडकतं. सांधे चार मीटरच्या आत, ३-४ मिलिमीटर रुंद, वाटेला काटकोनात, आणि नंतर पॉलियुरेथेन सीलंटने भरलेले. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, किमान सात दिवस, फ्लाय अ‍ॅशचं मिश्रण असेल तर दहा ते चौदा. जुनं झाड वाटेत येत असेल तर बुंध्याभोवती एक मीटर मोकळी जागा सोडून वाट वळवा. तोडायचा विचार असेल तर १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार पालिकेची परवानगी लागते, पण मी मुळात तो विचारच करू नका म्हणेन, सावली हीच अशा वाटेची खरी श्रीमंती. वरून गुलमोहर किंवा विलायती शिरीष असेल तर शेंगा पडायच्या महिन्यांत झाडू दोनदा लागेल, एवढंच.

मग कर्बच्या आतल्या ५० मीटरमध्ये काय लावायचं? ज्युनिपरमधलं तुम्हाला नेमकं काय आवडलं ते पकडा: बारीक पोत, सदाहरित दाटपणा, कचरा न करणं. ते सगळं रसेलियात बऱ्यापैकी मिळतं. सुईसारख्या बारीक हिरव्या काड्या कारंज्यासारख्या झुकतात, लाल नळीसारखी फुलं येतात, ऊन आणि खारा वारा दोन्ही सोसतो. कर्बवरून ओघळायला लागला की जमिनीलगत छाटा, तो नव्याने फुटतो. जिथे भिंतीची सावली पडते किंवा पाणी तुंबतं तिथे स्पायडर लिली. रस्त्यांच्या दुभाजकांत ती तुम्ही रोज बघता, पाणी साचलं तरी आणि माती थोडी खारी असली तरी तग धरते. तिची पानं रसाळ असतात आणि चाकाखाली आली तर निसरडी होतात, म्हणून कर्बपासून १५० मिलिमीटर आत लावा. कांदा विषारी असतो हे लहान मुलांच्या पालकांना सांगून ठेवा. फॉक्सटेल अ‍ॅस्परॅगस दिसायला ज्युनिपरच्या सर्वांत जवळ, पण त्याला निचरा हवा आणि बुडाशी बारीक काटे असतात. तो उंच वाफ्यातच ठेवा.

उंच वाफ्यासाठी आणखी एक पर्याय तुमच्या ओळखीचा आहे: मोरपंखी. शाळेत असताना जिचं पान ‘विद्या’ म्हणून वहीत जपून ठेवायचो तीच. ती ज्युनिपरच्याच कुळातली, आणि आपल्या हवेत त्याच्यापेक्षा बरी टिकते. साचलेलं पाणी तिलाही नको असतं आणि ती उंच वाढते, पण वर्षातून दोनदा फक्त हिरव्या भागात हलकी छाटणी केली तर आटोक्यात राहते. मला निवड करायची असती तर दहा मीटरच्या वाफ्यात मी मोरपंखी लावली असती आणि ज्युनिपरची दोन-तीनच रोपं हौस म्हणून टोकाला, सगळ्यात जास्त उन्हात. बोगनवेल आणि करवंद काट्यांमुळे नकोत. वेडेलियाही नको, ती एका पावसाळ्यात कर्ब ओलांडून वाटेवर येते.

लागवडीचा काळ. आपल्याकडे झाडं लावायची ती जूनमध्ये, अशी सवय आहे आणि बाकीच्या झाडांसाठी ती योग्यही आहे. ज्युनिपर आणि मोरपंखी मात्र ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्ये लावा. पाऊस ओसरलेला असतो, हवा उतरलेली असते, आणि पहिल्या मोठ्या पावसाआधी मुळांना सात महिने मिळतात. एप्रिल-मेमध्ये काँक्रीटवरून परतणारी झळ लागते तेव्हा लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड पडते. फांदीखाली पांढरा कागद धरून झटका द्या, चालणारे ठिपके दिसले तर दोन-तीन दिवसांआड सकाळी झाडावर पाण्याचा जोरदार फवारा मारा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. पावसाळ्यात वाफ्याचं ठिबक पूर्ण बंद, आणि पाईपचं चेंबरमधलं तोंड मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा उघडून बघा. कंत्राटदाराशी करार करताना झाडांची जबाबदारी एक पूर्ण पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे पुढच्या ऑक्टोबरपर्यंत ठेवा. तीन महिन्यांच्या देखभालीच्या अटीत पावसाळा येतच नाही.

तुमच्या प्रश्नात भिंत कुठल्या दिशेला आहे आणि शेजारच्या इमारतीची सावली किती वाजता पडते हे नाही. तेवढं कळवा, आणि खड्ड्यातल्या पाण्याची मोजलेली पातळीही. त्यावरून रसेलिया किती मीटर आणि लिली किती मीटर, हे नकाशावर आखून देता येईल.